सोजरबाईंच्या ड्रममधला गूळ

आदिलाबादहून तामसीकडे येणाऱ्या बसमध्ये सोजरबाईंना उभं राहून प्रवास करताना मी कधी पाहिलं नाही. गाडी कितीही भरलेली असो, त्या चढल्या की आसपासची दोन-तीन माणसं आपणहून उठून मागे सरकत. मान म्हणून नव्हे, वासामुळे. गोमूत्र, करंज आणि कुजलेला पाला यांचा तो वास त्यांच्या लुगड्यात मुरलेला होता. सोजरबाई मात्र ऐसपैस बसत आणि मला म्हणत, "पाहा गुर्जी, आपल्या भागातली लोकं किती चांगली हायेत. बाईमाणूस दिसलं का जागा देतात."

त्या हे खरंच मानत होत्या की थट्टा करत होत्या, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आमच्या गावच्या शाळेत मी मराठी शिकवत असे आणि सोजरबाईंचं घर माझ्या घरासमोरच. माळ्याचं घराणं, विहिरीवरचा भाजीपाला हाच धंदा. घरात दोन भाऊ. थोरले मारोतराव कारभार पाहत. धाकटे उद्धवराव सांगितलेलं काम करत आणि विसरलेलं काम आठवलं की हसत. सोजरबाई या उद्धवरावांच्या पत्नी. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. वांगी विकताना त्यांना तराजूपेक्षा बोलण्याचा आधार जास्त. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की त्या वांगं त्याच्या हातात देऊन म्हणत, "घरी नेऊन नुसतं पाहात बसा. फुकट देतो."

त्या घरात एक रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. पदर पुढे ओढायचा आणि मधल्या कोणालातरी सांगायचं. आमच्याकडे जुन्या घरांत ही रीत होतीच, पण सोजरबाईंसारख्या बाईनं ती पाळणं म्हणजे पूर आलेल्या नाल्यानं वळणावळणानं जाणं. सोजरबाईंची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, नात झाली, तरी दोघांमध्ये थेट शब्द गेलेला नव्हता. मात्र दिवसभर बोलणं चालूच असे. उद्धवराव मध्ये बसत. ते नसले तर मैना नावाची गाय.

"उद्धवा, विचार बरं," ओट्यावरून मारोतराव म्हणत, "आज पोह्यात मीठ टाकाचं राह्यलं का मीठच संपलं?"

"मैने, सांग त्याईले," गोठ्यातून उत्तर येई, "मीठ हाय. जीभच उतरली असन."

उद्धवराव दोन्हीकडे पाहून हसत. त्यांना निरोप द्यावाच लागत नसे, पण मध्ये कोणीच नसलं तर दोघांचंही अडत असे.

या घरात तो वास आला त्याला कारण उद्धवरावच. मारोतरावांना कंबरदुखी लागली तेव्हापासून फवारणीचा पंप त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीवर दिला होता. वांग्याला शेंडा पोखरणारी अळी लागते. तिच्यासाठी दुकानातलं औषध जरा जास्तच मारायची गावात सवय. फवारून आलं की उद्धवरावांचं डोकं गरगरायचं. डोळे लाल होत, हात थरथरत आणि ते ओट्याखाली भिंतीला टेकून गप्प बसत. एरवी हसणारा माणूस असा गप्प बसलेला पाहिला की सोजरबाईंचाही आवाज बंद होई. एकदा तर बैलगाडीत घालून तामसीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्याच सुमारास तामसीला एक शिबिर झालं. घरच्या घरी पाल्याचे अर्क आणि शेणाची औषधं कशी करायची, ते शिकवायला कोणीतरी आलं होतं. सोजरबाई वांगी विकायला म्हणून गेल्या आणि टोपली बाजूला ठेवून दिवसभर तिथंच बसल्या.

परत आल्यावर त्यांनी घरी मागणी केली, अर्थात मैनेच्या मार्फत. विहिरीजवळचा वांग्याचा तुकडा एक हिवाळा आपल्या हाती द्यावा. त्यात दुकानातलं औषध जाणार नाही.

मारोतरावांनी बराच वेळ सुपारी चघळली. घर त्याच तुकड्यावर चालायचं. शेवटी ते म्हणाले, "उद्धवा, सांग तिले. शिवरात्रीच्या सकाळी मी सोता वांगे कापून पाह्यतो. अळी असली, तं पंपात पुन्हा दुकानाचं औषध. मंग कुरकूर नाई पायजे."

"मैने, सांग, कबूल हाय," सोजरबाई म्हणाल्या.

पंप पुन्हा कोणाच्या पाठीवर जाणार, हे कोणी बोललं नाही.

मग परसात दोन ड्रम आले. काळ्या ड्रमात अर्क. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, निरगुडी, एरंड, धोतरा असा कडू, उग्र आणि जनावर तोंड लावणार नाही असा पाला ठेचून गोमूत्रात आणि शेणात भिजत घालायचा. तो महिनाभराच्या वर कुजू द्यायचा. गाळून पाण्यात मिसळून फवारला की अळी झाडाला तोंड लावत नाही, असं शिबिरात सांगितलं होतं. निळ्या ड्रमात जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, बेसन, गूळ आणि बांधावरची मूठभर माती. ते थोड्या दिवसांत तयार होतं आणि झाडाच्या मुळाशी द्यायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव वाढतात, हे ऐकल्यापासून सोजरबाई त्या ड्रमाला "माही लेकरं" म्हणू लागल्या. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळत. वर ओलं पोतं टाकत. जवळ कोणी मोठ्यानं बोललं तर दटावत, "हळू बोल नं वं! आताच निजले."

मारोतराव ओट्यावरून बोलत, "उद्धवा, विचार, याईचं बारसं कधी हाय?"

"सांगा त्याईले, आत्या नाई भेटली अजून. नाव ठेवाले माणूस मात्र घरातच हाय."

वसंत पंचमीला नातीला बासरच्या देवळात न्यायचं ठरलं. आमच्याकडे लेकराच्या हाती पहिली पाटी देताना सरस्वतीसमोर अक्षर गिरवून घेतात. लेक आदिलाबादला दिलेली, तिचं पत्र आलं की आजी पाहिजेच. सोजरबाईंनी काळा ड्रम तपासला. अर्क आता होत आला होता. निळा ड्रम नव्यानं भरला आणि ऐन वेळी लक्षात आलं की घरात गूळ नाही. बस तर यायच्या बेतात. त्या अंगणात उभ्या राहून नवऱ्याला सांगू लागल्या.

"दुकानातून गूळ आणजा. या वाटीएवढा. पाण्यात कालवून निळ्या ड्रमात टाकजा. काय टाकसान?"

"गूळ."

"कोठी?"

"निळ्यात."

"आन इसरसान तं?"

उद्धवराव हसले.

"हासू नका! हे बिघडलं तं आलीच शिवरात्र." मग बसमध्ये चढतानाही त्या पायरीवरून ओरडल्या, "वाटीभर!"

हे सगळं गल्लीनं ऐकलं. ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या मारोतरावांनीही ऐकलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

बासरहून येताना सोजरबाई लेकीकडे राहिल्या. त्यांच्या मागे आमच्या गल्लीत एक नवा वास सुटला. नेहमीचा नव्हे. गोडसर, आंबूस, नाकात शिरून रेंगाळणारा. असा वास आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होता. तो गुडुंब्याचा, गूळ सडवून काढतात त्या चोरट्या दारूचा. गावात त्या वर्षी महिला संघमच्या बायकांनी त्याविरुद्ध कंबर कसली होती. वास आला की घरात शिरायचं, मडकं अंगणात आणायचं आणि ओतून द्यायचं. अध्यक्ष राहीबाई होत्या, पण पुढे मुसळ घेऊन सोजरबाई असत. मडक्याचा मालक काही सांगू लागला की त्या म्हणत, "ओतून झाल्यावर सांग. तवा निवांत ऐकू."

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी त्या बसमधून उतरल्या. हातात बासरचा प्रसाद. दारात गर्दी. परसात संघमच्या सगळ्या बायका पदर खोचून उभ्या. निळ्या ड्रमावरचं पोतं फेसानं वर उचललं गेलेलं. आणि ड्रमाशेजारी पाय दुमडून, मांडीवर पेला ठेवून फकिरा बसलेला. फकिरा दोर वळायचा आणि उरलेला वेळ पिण्यात घालवायचा. तरी सभ्य माणूस. दुसऱ्याच्या घरी स्वतःच्या हातानं काही घ्यायचा नाही.

"हा काऊन बसला इथं?" सोजरबाईंनी विचारलं.

"सकाळपासून बसेल हाय," राहीबाई म्हणाल्या. "वासावर आला. म्हणते, घरचं कोणी वाढन तवा घेईन. सोजर, काय हाय हे?"

"औषध हाय! ठाऊक नाई का तुले?"

"सारे तेच म्हणतात. मडकं ओतलं तवा याचा मेव्हणा बी औषधच म्हणत होता."

बायका हसल्या. सोजरबाईंनी पोतं काढलं, वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी कुंपणाजवळच उभा होतो. 

"फकिरा, तू सांग," राहीबाई म्हणाल्या. "तुले यातलं समजते."

फकिरानं घसा साफ केला. "वास पक्का हाय, बाई. वासात खोट नाई. पण म्या पोतं उचलून पाह्यलं, तं आत शेण. आतापर्यंत लय काय काय पेलो, पण शेणाची कोणी देल्ली नाई." तो जरा थांबला. "पिऊन पाहू का? गावासाठी पितो."

"गप बस!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

"वास आला का ओताचं, हा नेम कोणं केला?" राहीबाईंचा आवाज कडक नव्हता, पण त्या मागे हटणाऱ्याही नव्हत्या. "तूच केला, सोजर. आता तुह्यासाठी तो बदलला, तं उद्या गावात तोंड कसं दाखवाव? चला गं, धरा. काळा बी धरा, त्यात बी काय हाय कोण जाणे."

काळ्या ड्रमाला हात लागताच सोजरबाई आडव्या आल्या. दोन्ही हातांनी ड्रम कवटाळून म्हणाल्या, "निळा ओता. लागन तं मले बी ओता त्याच्यासंगं. याले हात लावू नका. महिनाभर कुजवला, उद्या गाळाचा हाय. हा गेला तं शिवरात्रीपर्यंत दुसरा होत नाई. शेंड्याले अळी दिसून राह्यली, राहीबाई."

शिवरात्रीचं सगळ्यांना माहीत होतं. बायकांची नजर उद्धवरावांकडे गेली. ते गोठ्याजवळ उभे होते.

"तुमी किती गूळ टाकला?" सोजरबाईंनी विचारलं.

"वाटीभर. तू सांगतला तेवढाच."

"खरं सांगा."

"देवाशपथ वं! या टायमाले नाईच इसरलो," उद्धवराव अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले. पण आयुष्यभर विसरलेल्या माणसाची आठवण कोणाला खरी वाटणार?

ओट्यावरून खोकला ऐकू आला. मारोतराव पेपर बाजूला ठेवून उठले होते.

"उद्धवा, सांग तिले..."

उद्धवराव सवयीनं निरोप न्यायला गर्दीतून वाट काढू लागले. एका बाईला वळसा घातला, दुसरीच्या पायावर पाय दिला, फकिराला अडखळले. मारोतराव तेवढा वेळ थांबले, मग त्यांचा धीर सुटला.

"राहू दे, तू नको येऊ. सोजर, गूळ म्या टाकला."

 सोजरबाईंचा पदर नाकापर्यंत खाली आला. त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं, पण मैना चरायला गेली होती.

"किती?" त्यांनी विचारलं. थेट. पदराआडून, पण थेट.

"ढेप."

"आख्खी?"

"दुसऱ्या दिवशी काई हालचाल दिसली नाई. थंडी होती. मंग अर्धी आणखी."

"अगं माय!" सोजरबाई ड्रमावर टेकल्या. "काऊन पण?"

मारोतरावांनी हातातली सुपारी उगीच उलटीपालटी केली. "हा सांजच्याला पानठेल्यावर गप्पा मारत होता. म्हटलं, इसरला असन. याले विचारलं असतं, तं यानं तुले सांगतलं असतं, का दादा ड्रमाची काळजी करून राह्यला. मंग तू मैनेले काय काय सांगतलं असतं!"

कोणीतरी फिसकन हसलं. मारोतराव हसले नाहीत.

"आन हे बिघडलं असतं, तं सारं तिथंच संपलं असतं," ते म्हणाले. "याच्या पाठीवर तो पंप म्या ठेवला. तामसीले नेलं तवा गाडीत मी बसलो होतो, याचं डोकं माह्या मांडीवर होतं. पण वांगे गेले तं सालभर खावाचं काय, हे बी मलेच पाहा लागते. कोणासमोर बोलाव मी हे?"

उद्धवराव गर्दीच्या मधोमध उभे होते. ते भावाकडे पाहत राहिले आणि मग खाली पाहून डोळे पुसले.

राहीबाईंनी ड्रमावरचा हात काढला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुर्जी, हे नेमात बसते का?"

मी म्हणालो, "ड्रम कोणी पिण्यासाठी भरलेला नाही. आणि तुमच्या जाणकारालाही तो घशाखाली उतरेल असं वाटत नाही."

"मी पाहतो म्हटलं होतं," फकिरा पुटपुटला.

"तू ऊठ आधी तिथून," राहीबाई म्हणाल्या, आणि सगळं परस हसण्यानं भरून गेलं. बायका हसल्या, मारोतराव हसले, उद्धवराव तर खोकला येईपर्यंत हसले. सोजरबाईंनी प्रसादाची पुडी सोडली आणि लाह्या-बत्तासे सगळ्यांच्या हातावर ठेवले. मारोतरावांच्या हातावर ठेवताना त्यांची नजर दुसरीकडे होती, पण बत्तासे चांगले ओंजळभर पडले.

"आता याचं काय कराव?" मारोतरावांनी ड्रमाकडे बोट दाखवलं.

"मले काय ठाऊक, दादाजी? एवढा गूळ लग्नातबी कोणी घालत नाई. शेण आणा. आणखी शेण, गोमूत्र, पाणी. पाहू लेकराईची नशा उतरते का."

मारोतराव घमेलं घेऊन गोठ्याकडे गेले. कंबरेवर हात ठेवून, कण्हत, पण गेले. बाकीचे दिवस ते स्वतः काठीनं ढवळत. सोजरबाई लांबून सांगत, "तसं नाई, गोल फिरवा," आणि ते म्हणत, "गोलच फिरवून राह्यलो, डोळे हायेत का नाई?" हळूहळू तो गोडसर वास गेला आणि जुना आला. फकिरा रोज सकाळी एकदा कुंपणाशी येऊन नाक वर करी आणि मान हलवून परत जाई. तरीही सोजरबाईंचा त्या ड्रमावर भरवसा नव्हता. आधी बांधावरच्या वालाला देऊन पाहिलं, वाल जळला नाही, तेव्हा कुठे वांग्याला दिलं. काळा अर्क गाळून उद्धवरावांनी दोनदा फवारला. फवारून आले की अंगाला असा वास की घरात घेत नसत. ते विहिरीवर बसून अंघोळ करत आणि गाणं म्हणत. बेसूर, पण मोठ्यानं.

शिवरात्रीच्या सकाळी मारोतराव विळा घेऊन वांग्याच्या तुकड्यात उतरले. राहीबाई आल्या होत्या, आणखी चार बायका, मी. सोजरबाई बांधावर उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. मारोतराव कुठल्याही झाडाचं वांगं तोडत, कापत आणि बांधावर ठेवत. जांभळी साल, आतून पांढरं, स्वच्छ. पुढचं. त्याच्या पुढचं. मग एक वांगं त्यांनी कापलं, पाहिलं, आणि सहज केल्यासारखं धोतराच्या सोग्यात टाकलं. पुढे आणखी एक तसंच.

"दादाजी!" सोजरबाई कडाडल्या. "सोग्यात काय ठेवलं?"

"कोठी काय?"

"दाखवा. अळी हाय नं त्यात? सगळ्याईसमोर ठेवा. माह्या वांग्याले चोरीचा पास नाई पायजे."

मारोतरावांनी ओशाळून सोगा झटकला. पोखरलेली वांगी बांधावर पडली. थोडी होती, पण होती. सोजरबाई खाली बसल्या, एक फोड उचलून अळी बोटावर घेतली आणि तिच्याकडे रागानं पाहिलं. बांधावरचा चांगल्या वांग्यांचा ढीग त्यांच्या गुडघ्याएवढा झाला होता.

"अळी असली तं पंपात दुकानाचं औषध, असं तुमी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"म्हटलं होतं," मारोतराव म्हणाले. त्यांनी विळा धोतराला पुसला. "दुकानाचं मारून बी एवढी निघतेच. मागच्या साली याच्यापरस जास्त होती, मीच उकिरड्यावर टाकली. म्या अळीचं बोललो, तं बोलण्यात चूक होती माही. पंपात तुह्याच ड्रमातलं भरजा. वावर तुह्या हाती. मिरचीचं बी तूच पाह्य."

 सोजरबाई नाक ओढून उठल्या.

"मिरचीले अर्क जास्त लागन," त्या म्हणाल्या. "आजच भिजत घालाव लागते. सीताफळीचा पाला आणजा. आन करंजाचा."

"आज उपास हाय माहा."

"पाला खावाले नाई सांगतला, दादाजी."

"करंज कशाले? कडुनिंब हाय की मोप."

"करंज पायजेच. शिबिरात सांगतलं."

"शिबिरातल्याईच्या बापानं वांगे लावले होते का?"

दोघं वाद घालत बांधावरून करंजाच्या झाडाकडे निघाले. पदर खांद्यावर पडला होता, तो सावरायचं सोजरबाईंच्या ध्यानात नव्हतं. राहीबाईंनी ओटीत वांगी भरून घेतली. उद्धवराव बोरीखाली बसले होते. त्यांना कोणी हाक मारत नव्हतं, कोणाचा निरोप कुठे न्यायचा नव्हता. त्यांनी एक बोर तोंडात टाकलं, एक मला दिलं आणि म्हणाले, "गोड हाय, गुर्जी. खाऊन पाहा."